एका गालाची हळद

घटाची माती वावराच्या अशा कोपऱ्यातून आणायची असते, जिथून कोणाचा पाय फारसा जात नाही. आमचे हे दरवर्षी ती टोपल्यात घेऊन येतात. दरवर्षी मी विचारते, "खडे पाहिले का?" आणि दरवर्षी ते म्हणतात, "माती हाय, तांदूळ न्हाई." यंदाही एवढं बोलणं झालं, टोपलं ओसरीवर टेकलं, आणि ओल्या काळ्या मातीचा वास घरात शिरला. या वासाबरोबर माझा डावा हात आपोआप गालापाशी जातो. गालाला लावत नाही, नुसता जवळ नेते. सवय झाली आहे.

नवरात्राच्या आधीचे दिवस आमच्याकडे फार गर्दीचे. दसरा काढायचा, म्हणजे घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, चादर धुऊन वाळवायची. त्याच वेळी सोयाबीनची मळणी चालू. यंत्राचा भुसा उडून ओल्या गोधड्यांवर बसणार, हे ठरलेलंच. म्हणून मी मळणीचा दिवस यांना विचारून घेते आणि धुणं त्याच्या आधी किंवा नंतर लावते. कामांची यादी मी कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिते. माप घ्यायचा खडू असतोच हाताशी. मी शिवणकाम करते. देवगाव फाट्यापासून आत, आमच्या गावात, माझ्या मशिनीवर नवरात्राच्या आधी ब्लाउजांचा ढीग पडतो. हल्ली नऊ दिवसांचे नऊ रंग मोबाइलवर येतात आणि आमच्या बायांनाही ते पाहिजे असतात. फक्त गयाबाई नऊ दिवस एकच हिरवा ब्लाउज घालते. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, मेंढ्या राखते. "माझ्या मेंढरायला रंग कळत न्हाईत," म्हणते.

मळणीनंतरची दुपार मला आवडते. यंत्र बंद झालेलं असतं, पण कानात घरघर उरलेली असते. उन्हाला धार असते आणि सावलीत गेलं की गार लागतं. पहाटे एक बारीक वारा सुटतो. थंडीचा नाही, पण थंडी येणार असं सांगणारा. इतरांना तो छान वाटतो. मी त्याच्या आधी उठून तोंडाला रुमाल बांधते. तोही सैल, गालाला टेकणार नाही असा.

दुखणं सुरू झालं ते दोरा तोडताना. शिवणारी बाई दोरा कात्रीनं तोडते, असं फक्त शिवणाच्या वर्गात शिकवतात. खरी शिवणारी दातानं तोडते. मी डावीकडच्या दातांत दोरा धरला आणि ओठापासून कानापर्यंत करंट गेला. विहिरीवरच्या मोटारीच्या उघड्या वायरीला ओला हात लागल्यावर जातो, तसा. क्षणभरच. मी मशिनीचं चाक हातानं धरून बसले. गेला, तसं पुन्हा पायडल मारलं. दुसऱ्या दिवशी चूळ भरताना आला. मग भाकरीचा घास चावताना. मग पदर गालावरून घसरला तेव्हा. मग फाट्यावर गाडीची वाट बघत उभी असताना, नुसता वारा लागला म्हणून.

दाताच्या डॉक्टरनं एक दाढ काढली. फरक पडला नाही, म्हणून शेजारची काढली. आता डावीकडे दोन दाढा नाहीत आणि दुखणं होतं तिथंच. गावात कोणी म्हणालं, तोंडावरून वारं गेलं. कोणी म्हणालं, नजर लागली. "दिसत तर काहीच न्हाई," असं सगळ्याच म्हणाल्या, आणि त्यांचं खरं होतं. गाल सुजत नव्हता, लाल होत नव्हता. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी बोलता बोलता मध्येच थांबायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि समोरची बाई माप सांगायचं सोडून माझ्या घरात भांडण झालं आहे का, याचा अंदाज घ्यायची.

शेवटी फाट्यावरून जिंतूर आणि जिंतूरहून परभणी असं करत आम्ही नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की हे दाताचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. मला एकदम हलकं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की ते यादीत लिहिता येतं.

पहिल्या गोळीनं दुखणं कमी झालं, पण माझा तोल जायला लागला. रक्तातलं मीठ उतरलं, असं तपासणीत निघालं. त्या दिवसांत मी सरपंचबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या होत्या. डॉक्टरांनी ती गोळी कमी केली आणि सोबत दुसरी दिली. "ही स्नायू सैल करणारी गोळी आहे," ते म्हणाले.

"माझे स्नायू चांगले आहेत," मी म्हणाले.

"माहीत आहे. पण ही नसेलाही शांत करते. थोड्यापासून सुरू करू, हळूहळू वाढवू. आणि मनानं बंद करायची नाही."

औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली. "वयनी, बॅक्लोफेन म्हणजे हातपाय, कंबर आखडते त्याची गोळी. तोंडाला कुणी दिली?" मी सांगितलं, त्यानं डॉक्टरांना फोन केला, मग दिली. पाकिटावर सकाळ, दुपार आणि रात्रीसाठी सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र काढून दिला, खाली लिहिलं, जेवणानंतर.

घरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "कमरेची दवा तोंडाला? उद्या तोंडाची दवा गुडघ्याला देतील. मग मलाच दे की, माझा गुडघा लय दुखायलाय."

तेव्हापासून आमच्या घरात त्या गोळीचं नाव 'कमरेची गोळी' पडलं.

सुरुवातीला झोप फार यायची. दुपारची गोळी घेतली की हातपाय ओल्या गोधडीसारखे जड व्हायचे. मशिनीच्या सुईखाली बोट जाईल म्हणून मी दुपारी काजंबटणं आणि हातशिलाई ठेवली, मशीन सकाळी. हळूहळू अंगाला सवय झाली. दुखणं संपलं नाही, पण टाका धरला, उसवणं थांबलं. एका संध्याकाळी मी उजव्या बाजूनं का होईना, फुटाणे खाल्ले. मूठभर. आमचे हे बघत होते. म्हणाले, "आवाज चांगला यायलाय."

मग नवरात्र आलं. हे दोन वर्षांपूर्वीचं.

आमच्या घरात घट बसला की दिवसातून एकदाच फराळ, तोही संध्याकाळी आरती झाल्यावर. लग्न होऊन आल्यापासून मी तो उपवास धरते. नवरात्रात घरातल्या प्रत्येक गोष्टीची वेळ बदलते. स्वयंपाकाची, झोपायची, गुरांच्या धारा काढायचीसुद्धा, कारण आधी घटाला पाणी. दारामागची यादी पुसून मी नऊ दिवसांची नवीन लिहिते. त्यात गोळीची वेळही मी बसवली. गोळी जेवणानंतर. जेवण एकदा. म्हणून गोळी एकदा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हिशेब जुळत होता, आणि गालही गप्प होता. उलट वाटलं, बरं झालं, नऊ दिवस झोप कमी येईल, शिवणं उरकेल.

पहिल्या दोन माळा नीट गेल्या. घटातलं धान फुगलं. आमचे हे गहू, ज्वारी, करडई, हरभरा जे पेरायचं असेल तेच बी घटात टाकतात. कोणतं जोमानं वर येतं ते बघून रब्बीचं ठरवतात. तिसऱ्या माळेला ज्वारीनं डोकं काढलं आणि माझ्या गालात पहिली चमक आली. चौथ्या माळेला हाताला कंप सुटला, सुईत दोरा ओवेना. घाम यायचा. मला वाटलं उपवासानं पित्त झालं. त्या रात्री झोप लागली नाही आणि बंद मशिनीचं पायडल मला ऐकू येत होतं.

पाचव्या माळेला आमच्याकडे आरतीला गल्ली जमते. कारण पाचव्या माळेला आत्याबाईंच्या अंगात येतं. हे काही लपवायचं किंवा मिरवायचं नाही, वर्षानुवर्षं येतं, बाया येतात, ओटी भरतात, विचारायचं ते विचारतात. गल्लीतला एक जण संबळ वाजवतो. त्या दिवशी संबळ सुरू झाला, "उदो उदो" म्हणून सगळ्यांनी आवाज दिला, आणि मी ताट धरून उभी असताना घटातले कोंब मला चालताना दिसले. रांगेनं, मेंढ्यांसारखे. ताट हातातून पडलं. अंग थडथड हलायला लागलं. ते माझ्या हातात नव्हतं.

"सुनंच्या आली! यंदा सुनंच्या अंगात आली!"

मला सगळं ऐकू येत होतं, हे मला चांगलं आठवतं. कोणी माझा अंबाडा सोडला. कोणी पायांवर पाणी घातलं. कोणीतरी हळदीनं भरलेले दोन्ही हात माझ्या दोन्ही गालांना लावले, आणि मी किंचाळले. असा आवाज माझ्या गळ्यातून त्याआधी कधी निघाला नव्हता. बायांनी हात जोडले. गयाबाई तर समोर गुडघे टेकून बसली.

"आई, एक सांग. माझा मोठा एडका वालूरच्या बाजाराला न्यावा का? गिऱ्हाईक मागं लागलंय."

कोणीतरी पुन्हा हात पुढं केला. "नको!" मी ओरडले. "नको, नको, नको!"

"नको म्हणती गं. इकू नको म्हणती."

"बरं आई. न्हाई इकत."

आत्याबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या अंगात आलं नव्हतं. त्या बायांना सारत पुढं आल्या, आणि पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्याकडे आलेला हात धरून खाली केला.

"सरका मागं. हात लावू नगा तिला."

"आवं आत्याबाई, देवी हाय..."

"देवी न्हाई ही." त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "देवी आली की बाईला दुखत न्हाई. माझ्या अंगात येती, मला ठाव हाय. काटा मोडला तरी कळत न्हाई. हिला दुखायलंय." मग संबळवाल्यावर ओरडल्या, "तू थांब की रं आता!" आणि मला विचारलं, "सुमन, कमरेची गोळी घेतलीस का?"

यांनी डॉक्टरांना फोन लावला. फोनवरचा पहिला प्रश्न तोच होता, गोळ्या बंद केल्या का? लगेच निघा, म्हणाले. गाडी करून आम्ही परभणी गाठली. दवाखान्यात ठेवून घेतलं, गोळी पूर्ववत सुरू केली आणि अंग थांबेपर्यंत लक्ष ठेवलं. कपाळाचं कुंकू आणि गालाची हळद तशीच होती. नर्सबाईंनी पुसायला कापूस आणला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. दुखतं म्हणून.

डॉक्टर रागावले, पण हळू आवाजात. "ही गोळी एकदम तोडली की अंग असं उलटतं. कंप, भास, कधी फिटसुद्धा येते. तुम्ही नशीबवान. फराळ करत होता ना? दूध, केळं, काहीही चालतं. मी जेवण म्हणालो ते पोट जळू नये म्हणून. पंगतीची वाट बघायला नव्हतं सांगितलं."

"मला वाटलं, एकदाच खाते तर एकदाच घ्यायची."

"वाटलं तर फोन करायचा." मग यांच्याकडे बघून म्हणाले, "आणि चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरून काढायच्या नाहीत, हेही आत्ताच सांगतो. या बाई हिशेब पूर्ण करणाऱ्या दिसतात."

घरी आले तेव्हा घट उठायचा होता. ज्वारीचे कोंब वीतभर झाले होते. माझ्या गैरहजेरीत आत्याबाईंनी रोज ओंजळीनं पाणी दिलं होतं. मी त्यांना म्हणाले, उपवास मोडला. त्यांनी काही मोठं सांगितलं नाही. त्या तशा नाहीत. म्हणाल्या, "तुझा बी मीच धरते इथून पुढं."

"दोन उपास कसे धरणार?"

"एक राजगिऱ्याचा लाडू कमी खाईन."

त्यानंतर गावात माझं थोडं अवघड झालं. चार जणींना आत्याबाईंचं पटलं, बाकीच्यांना नाही. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बाया माप देताना जरा वाकायला लागल्या. गयाबाईचा एडका अजून आहे. भला थोरला झाला आहे, आमच्या परसातल्या भेंडीत शिरतो, आणि मी हाकललं तर गयाबाई हसते. "तुमीच ठिवलाय की त्याला, वयनी!"

शिवताना माझ्या मनात एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. त्या नवरात्राआधी दोन वर्षं मी सांगत होते की दुखतं. दाढा काढल्या, भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, मध्येच बोलणं थांबवलं. लोकांनी ऐकलं, पण माझ्या गालात काही दिसत नव्हतं म्हणून फारसं मानलं नाही. ज्या दिवशी त्यांना माझं दुखणं पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारली. मला त्यांचा राग येत नाही. एवढं मोठं काही अंगात असताना माणूस रोज उठून काजंबटणं करतो, हे कोणाला खरं वाटणार? मग ते देवीचं असलं पाहिजे, असं वाटणं साहजिक आहे. आणि चेहरा ही जागाच अशी, की तिच्यावरच सगळ्यांची नजर. पाय दुखला तर लुगड्याखाली झाकता येतो. गालानं दुखावं आणि त्याच गालानं हसून "या, बसा" म्हणावं, हे जमवायला वेळ लागतो.

गोळी चालू आहे. काही महिने चांगले जातात, काही नाही. थंडीत डॉक्टर मात्रा थोडी वाढवतात, उन्हाळ्यात कमी करतात, पायरी पायरीनं. शस्त्रक्रियेचंही त्यांनी समजावून सांगितलं आहे. ती पुढची गोष्ट. सध्या सकाळी केळं आणि गोळी, दुपारी भगर आणि गोळी, संध्याकाळी आरतीनंतर फराळ आणि गोळी. नवरात्राची यादी यंदा अशी लिहिली, शेजारी पाकिटावरची चित्रं काढून. आत्याबाईंना अक्षरं येत नाहीत, पण कपाट उघडलं की सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र बघतात आणि विचारतात, "अर्धा झाला का?"

परवा पाचवी माळ झाली.

गल्ली जमली. मी मुद्दाम मागं, भिंतीला टेकून उभी राहिले. काही बाया वळून वळून बघत होत्या. गयाबाईनं तर कुजबुजत विचारलंच, "वयनी, यंदा?"

"गोळी घेतलीय," मी म्हणाले.

"मंग न्हाई," ती म्हणाली. जरा हिरमुसली असावी.

संबळ सुरू झाला. कापराचा वास, तेलाचा दिवा, घटात बोटभर पिवळसर हिरवे कोंब, त्यात हरभरा यंदा जोरात. आत्याबाईंची मान मागं गेली, केस सुटले. ज्या गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय त्या उठत नाहीत, त्याच पायावर उड्या घ्यायला लागल्या. मग हळदीचं ताट त्यांनी हातात घेतलं. पूर्वी त्या कोणाला हळद लावत नसत. यंदा लावायला निघाल्या. एकेका बाईसमोर थांबायचं, दोन्ही हात हळदीत बुडवायचे, आणि दोन्ही गालांवर दाबून ओढायचे. बाया डोळे मिटून गाल पुढं करत होत्या. डोळे आत्याबाईंचेही मिटलेले होते.

मी सरकायला पाहिलं. एकीकडे भिंत, दुसरीकडे माणसं. नवरात्राची यादी मी लिहिली होती, त्यात हे नव्हतं. शेजारच्या बाईचे गाल पिवळे झाले. मग आत्याबाई माझ्यापुढं आल्या. अंगाला घामाचा आणि कापराचा वास. हात हळदीत बुडाले. दोन्ही हात वर आले. मी भिंतीला आणखी चिकटले आणि वाट बघितली.

उजव्या गालावर हात पडला. भरपूर, कानापर्यंत. दुसरा हात माझ्या डाव्या गालासमोर, चार बोटांवर, हवेत थांबला. वारा लागेल इतकाही हलला नाही. मग तसाच खाली गेला, आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या. तिला पुन्हा दोन्ही गालांना.

"वयनी," गयाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "तुमचा एकच गाल पिवळा हाय."

सगळं शांत झालं, बाया गेल्या. मी फराळ केला, गोळी घेतली. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस अजून मोकळे, हातांच्या रेघांत हळद. मी विचारलं, "माझा डावा गाल कसा सोडलात?"

"कवा?"

"आता. हळद लावताना."

"मला काय ठाव?" त्या म्हणाल्या. "मी कुठं व्हते तिथं?"

मग त्यांनी पाय लांब केला, लुगडं वर सरकवलं, आणि मला तेलाची वाटी आणायला सांगितली.

"चोळ जरा," म्हणाल्या. "आता दुखायलंय."